'सुम्ने' आलेली माणसं

आमच्या मैसूरच्या घरात 'नाही' हा शब्द माझ्याबरोबर माहेरून आला. त्याआधी तो तिथे कोणी वापरल्याचा पुरावा मला अजून सापडलेला नाही.

सासरची माणसं मराठीच. पणजोबांच्याही आधी कधीतरी मैसूरला येऊन राहिलेली, शिवणकामावर जगलेली, विठोबाचं भजन न चुकवणारी. घरात मराठीच बोलत. पण ती मराठी इतकी वर्षं कन्नडच्या शेजारी राहिली होती की तिने शेजारणीचे शब्द तर उचललेच, स्वभावही उचलला. मी कराडची. आमच्याकडे पाहुणा दारातूनच विचारतो, "जेवायला आहे का?" आणि आतून उत्तर येतं, "आहे, पण आमटी सकाळची आहे." विषय तिथेच मिटतो. पाहुणा जेवतो, आमटीला नावं ठेवतो आणि पुढच्या वेळी परत येतो.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं, "कॉफी ठेवू का?"

"इरली, परवागिल्ला," त्या म्हणाल्या. म्हणजे, राहू दे, चालेल.

मी ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेच उत्तर. पुढेही तेच. मला वाटलं, बाईंनी कॉफी सोडली आहे, चांगली गोष्ट आहे. अखेर नवरा मला मागच्या दारी घेऊन गेला.

"अग, अम्माचं डोकं दुखतंय चार दिवस. कॉफी का देत नाहीस तिला?"

"त्या नको म्हणाल्या."

"नको कुठे म्हणाली? परवागिल्ला म्हणाली. तू परत विचारायचंस. मग परत."

"मग पहिल्यांदाच हो का म्हणत नाहीत?"

"पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणायला ती काय हावरी आहे?"

मी हे लिहून ठेवलं. (मी सगळंच लिहून ठेवते. कडकोळच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. तिथे माल असतो किंवा नसतो. मधलं काही नसतं.) पण लिहून ठेवणं वेगळं आणि कळणं वेगळं. या घरात मला काही कळायला किती वर्षं लागली, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

मामंजींचं शिंप्याचं दुकान होतं. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा मोहल्ल्यात दुसरा नव्हता. गिऱ्हाईक विचारायला आलं की ते मान किंचित हलवून म्हणत, "आगत्ते." होईल. कधी, ते नाही. गिऱ्हाईकही खुशीने परत जाई. या दुकानात पूर्वी त्यांचे धाकटे भाऊही बसत. त्यांना घरात सगळे कन्नड रिवाजाने चिक्कप्पा म्हणत, म्हणून मीही म्हणायची. माझ्या लग्नाआधीच ते कृष्णराजनगरला जाऊन स्वतंत्र दुकान टाकून बसले होते. लग्नात मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांच्याआधी त्यांची मिशी दिसली. भरघोस, दोन्ही टोकांना वर वळलेली, इस्त्री केल्यासारखी. त्यानंतर ते आमच्या घरी कधीच आले नाहीत. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "बिझी असतो बा तो." मला ते पटत असे. बसने तासाभराच्या अंतरावरचा सख्खा भाऊ इतकी वर्षं सलग बिझी असू शकत नाही, हे स्टोअर्सच्या बाईला सुचू नये!

मग मामंजी आजारी पडले. दवाखान्यात बरेच दिवस ठेवलं. एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला खोलीबाहेर बोलावलं. भला माणूस. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"घरी घेऊन जा," ते म्हणाले. "त्यांना काय आवडतं ते खायला द्या. मत्ते... नोडोणा."

मत्ते म्हणजे मग, नोडोणा म्हणजे बघू या. मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांना नमस्कार केला. सुटी मिळाली, पथ्य उठलं, आता काय राहिलं? परतताना रिक्षात मी एकटीच बोलत होते. आत्याबाई बाहेर बघत होत्या, नवरा पायांकडे. दवाखान्यातल्या जागरणांनी दमलेत, असं मी ठरवलं आणि घरी पोचताच कामाला लागले. मामंजींची खाट ओसरीत हलवली. सकाळी डाळिंबाचा रस, मग अंगणात फेऱ्या, मग हाताचे व्यायाम. एक वेळापत्रक करून भिंतीला लावलं. मामंजींना वाचून दाखवलं.

"जमेल ना?"

"आगत्ते," ते म्हणाले.

रोज सकाळी मी त्यांच्या दंडाला धरून अंगणात फेऱ्या घालत असे. "अजून एक, मामंजी." ते अजून एक घालत. मग खाटेवर येऊन पार संध्याकाळपर्यंत डोळे मिटून पडत. मी वेळापत्रकावर खूण करत असे, फेऱ्या पूर्ण.

या सगळ्यात अडचण होती ती माणसांची. मोहल्ल्यातली, विठोबाच्या देवळातली, कुठल्या कुठल्या नात्यातली माणसं दिवसभर येत. दारात चप्पल काढत आणि सगळी एकच वाक्य म्हणत, "सुम्ने बंदे." सहज आलो. काही काम नाही, असंच. मग खाटेजवळ बसून पाऊस, तांदळाचा भाव, कोणाच्या तरी मुलीची दहावी. आजाराबद्दल एक अक्षर नाही. उठताना मामंजींचा हात हातात घ्यायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा आणि जायचं. मला रागच येई. एवढ्या मोठ्या शहरात इतक्या लोकांना काहीच काम कसं नाही? माणसाला विश्रांती मिळायची कशी? म्हणून मी फाटकाला एक पाटी लावली. भेटण्याची वेळ, संध्याकाळी पाच ते सहा.

पाटी वाचून लोक म्हणत, "हौदा? परवागिल्ला." हो का? चालेल. आणि परत जात. किती समजूतदार माणसं, मला वाटे.

एका सुटीच्या दिवशी भर दुपारी फाटक वाजलं. उघडलं तर समोर ती मिशी. तिच्यामागे चिक्कप्पा. थोडे वाळलेले, हातात कापडी पिशवी, शर्टाला बसच्या खिडकीची धूळ.

"सुम्ने बंदे," ते म्हणाले. "पेठेत काम होतं जरा. अस्तर घ्यायचं होतं. जाता जाता म्हटलं..."

"मामंजी आत्ताच झोपलेत," मी म्हणाले. "आत्याबाई देवळात गेल्यात. बसा ना. नाहीतर पेठेतलं काम उरकून पाचला आलात तरी चालेल. पाच ते सहा वेळ ठेवलीय आम्ही."

त्यांनी पाटी वाचली. माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. तिथून ओसरीतल्या खाटेचा पायाकडचा भाग तेवढा दिसत होता, आणि मामंजींची पावलं. त्यांच्याकडे ते बरंच बघत होते.

"परवागिल्ला," ते म्हणाले, आणि वळून गेले.

पाच वाजले, सहा वाजले, ते काही आले नाहीत. बिझी माणूस, मी म्हटलं. रात्रीचा भात वैरता वैरता आत्याबाईंना सहज सांगितलं, "दुपारी चिक्कप्पा येऊन गेले. मामंजी झोपले होते, मग पाचला या म्हटलं."

आत्याबाईंच्या हातातलं सूप खाली ठेवलं गेलं. त्या भिंतीला टेकून बसल्या. पदराने तोंड पुसलं, परत पुसलं आणि उठून माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. त्या घरात याचा अर्थ काय होतो ते मला एव्हाना माहीत होतं. आरडाओरडा झाला होता.

नवऱ्याने मला पुन्हा मागच्या दारी नेलं. आमच्या संसारातले सगळे महत्त्वाचे खुलासे तिथेच झाले आहेत.

"तो सुम्ने आला नव्हता," तो म्हणाला.

"तेच म्हणाले."

"म्हणणारच की."

मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. पूर्वी एकदा एका वकिलाचा कोट चिक्कप्पांनी शिवला होता. वकील घालून बघत होते. मामंजी उठले, कोट त्यांच्या अंगावरून काढला आणि कोणाशी काही न बोलता गिऱ्हाईकासमोरच त्याची कॉलर उसवून स्वतः बसवायला घेतली. चिक्कप्पांनी मापाची पट्टी गळ्यातून काढली, गुंडाळून टेबलावर ठेवली आणि दुकानाबाहेर पडले. भांडण झालं ते एवढंच. एकही शब्द खर्च झाला नव्हता, त्यामुळे मागे घ्यायलाही शब्द नव्हता.

"आणि आज ते आपणहून आले," मी म्हणाले. "आत्ताच का?"

नवऱ्याने दोरीवरचा टॉवेल काढून त्याची घडी घातली.

"अहो, आत्ताच का?"

"डॉक्टर म्हणाले होते ना. आवडेल ते द्या म्हणून."

"मग?"

"मग अष्टे," तो म्हणाला. एवढंच. आणि विहिरीच्या कठड्याकडे तोंड करून उभा राहिला.

तेव्हा कुठे मला कळलं. डॉक्टरांचा चष्मा, रिक्षातला गप्पपणा, ती हात धरून बसणारी माणसं. सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. मामंजींना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त घराची व्यवस्था बघणाऱ्या बाईला, आणि तिने निरोप घ्यायला येणाऱ्यांना पाच ते सहाची वेळ दिली होती. शिवाय जाणाऱ्या माणसाला रोज सकाळी अंगणात चालवत होती. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

मी पाटी काढली. वेळापत्रकही काढलं. मामंजी खाटेवरून बघत होते.

"फेऱ्या?" त्यांनी विचारलं.

"आता नकोत," मी म्हणाले.

"बरं झालं बा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं स्पष्ट वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की चिक्कप्पांना मी आणणार. मीच घालवलं, मीच आणणार. त्या दोघांची भेट व्हायलाच हवी होती, आणि दिवस किती उरलेत ते कोणी सांगत नव्हतं. त्यांच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या किराणा दुकानात होता. पण असल्या गोष्टी किराणा दुकानातून सांगायच्या नसतात, असं आत्याबाईंचं म्हणणं पडलं. त्यांनी मला समोर बसवून तयार केलं.

"काय सांगशील जाऊन?"

"मामंजींचं काही खरं नाही, तुम्ही चला, झालं गेलं विसरा."

आत्याबाईंनी डोळे मिटले. "असं सांगितलंस तर तो जन्मात यायचा नाही. झालं गेलं म्हणजे काय? काय झालं? काही झालंच नाही."

"मग काय सांगू?"

"सहज आले म्हणायचं. हळू बोलायचं, कराडसारखं नव्हे. पावसाचं बोलायचं. उठता उठता म्हणायचं, अण्णांची तब्येत जरा अशीच आहे, उद्या सकाळी सगळे आलात तर बरं. अष्टे." अण्णा म्हणजे मामंजी; चिक्कप्पा थोरल्या भावाला अण्णा म्हणत.

"त्यांना कळेल?"

"त्याला कळेल," त्या म्हणाल्या. त्यांचं 'त्याला' जरा जोरात आलं, असं मला वाटलं.

कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन मी कृष्णराजनगरची बस धरली. वेळ वाया नको म्हणून डबा बसमध्येच खाल्ला. स्टँडवर पोटभर पाणी प्यायले. परतीची बस कितीला आहे ते आधी विचारून घेतलं. कारण काम कसं, नीट झालं पाहिजे.

चिक्कप्पांचं घर दुकानाच्या मागे, त्याच्यामागे भाताची खाचरं. चिक्कम्मांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दार उघडलं आणि मला एकटीला बघून दोन पावलं मागे सरल्या. चिक्कप्पा मशीन थांबवून आत आले. मी खाली मान घालून, हळू आवाजात, म्हणाले, "सहज आले."

चिक्कम्मांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पाणी नको मला," मी म्हणाले. आत्ताच प्यायले होते.

"जेवायला वाढू?"

"जेवण नको." त्यांनी परत विचारलं, मग परत. मी प्रत्येक वेळी ठाम राहिले. बसची वेळ होत होती.

पावसाचं बोलायचं होतं, म्हणून मी पावसाचं बोलले. या वर्षी कावेरीला पाणी कमी आहे. चिक्कप्पा माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. एवढ्या हळू आवाजात मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते, आणि मला ते बरंच जमतंय असं वाटत होतं.

"त्रास फार झाला का त्याला?" त्यांनी विचारलं.

खरं म्हणजे फेऱ्या बंद केल्यापासून मामंजींना बराच आराम पडला होता. "नाही," मी म्हणाले. "आता काही त्रास नाही."

चिक्कप्पांनी मान खाली घातली. मी घड्याळ पाहिलं आणि उठले. ठरलेलं वाक्य म्हटलं, "अण्णांची तब्येत जरा अशीच आहे. उद्या सकाळी सगळे आलात तर बरं." चिक्कम्मा कुंकवाची कोयरी आणायला वळल्या होत्या, तेवढ्यात स्टँडकडून हॉर्न ऐकू आला. "कुंकू राहू दे," म्हणत मी चपला घातल्या आणि धावत सुटले. 'येते' म्हणायचंही राहिलं.

बसमध्ये मी स्वतःवर खूष होते. एक शब्द जास्तीचा नाही, आवाज चढला नाही. घरी येऊन सांगितलं, "काम झालं. उद्या येतायत."

आता ज्यांना ही रीत ठाऊक आहे त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. मला ती नंतर सांगण्यात आली (मागच्या दारी). मरणाची बातमी घेऊन जाणारा माणूस त्या घरी पाणी पीत नाही. जेवत नाही. बाई असेल तर कुंकू लावून घेत नाही, आणि निघताना 'येते' म्हणत नाही. आणि बातमी काय आहे ते तोंडाने सांगत नाही. तब्येत जरा अशीच आहे, सगळे या, एवढंच म्हणतो. मी वेळ वाचवण्याच्या नादात यातलं काहीही चुकवलं नव्हतं. इतक्या शुद्ध रीतीने मरणाचा निरोप त्या कुटुंबाला आजवर कोणीच पोचवला नसेल.

आणि एकदा असा निरोप आला की फोन करून 'गेले ना नक्की?' असं विचारण्याची तर पद्धतच नाही.

सकाळी मामंजी ओसरीत खाटेवर उशीला टेकून बसले होते. हातात कॉफी, शेजारी उप्पिट्टाची बशी. आवडेल ते द्यायचं होतं, आणि त्यांना उप्पिट्ट आवडत असे. बोळाच्या तोंडाशी टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चिक्कम्मांचा हंबरडा.

"अय्यो भावोजी, कसे सोडून गेलात..."

बोळातली दारं उघडली. समोरचे गृहस्थ शर्टाची बटणं लावत बाहेर आले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने शटर अर्ध्यावर ओढलं. कोणीतरी आमच्या फाटकाला लावलेली सायकल आपणहून उचलून बाजूला ठेवली, वाट मोकळी असावी म्हणून. मोहल्ला अशा वेळी फार तत्पर असतो आणि काहीही विचारत नाही. मी आतून धावत आले, तेव्हा चिक्कम्मा पायऱ्या चढून ओसरीत पोचल्या होत्या. खाटेवर त्यांना भावोजी दिसले. कपातून वाफ निघत होती.

हंबरडा मध्येच थांबला. एक श्वास गेला.

"कॉफी आय्ता, भावोजी?" त्यांनी विचारलं. झाली का कॉफी?

"चाललीय," मामंजी म्हणाले.

त्यांच्यामागे चिक्कप्पा. ओलं धोतर, उघडं अंग, हातात तुळशीचा हार. आणि मिशी नाही. थोरला भाऊ गेला की धाकट्याने मिशी काढायची, अशी त्यांच्याकडची रीत. सकाळी घाई नको म्हणून त्यांनी रात्रीच कंदिलासमोर बसून स्वतःच्या हाताने काढली होती. मिशीच्या जागी पांढरा पट्टा दिसत होता, आणि त्याखालचा चेहरा एखाद्या अनोळखी, भिजलेल्या मुलाचा वाटत होता.

ओसरीत, पायऱ्यांवर, बोळात माणसं उभी.

मामंजींनी कप खाली ठेवला. आधी सगळ्या माणसांकडे पाहिलं, मग हाराकडे, मग भावाच्या वरच्या ओठाकडे. तिथे ते बराच वेळ थांबले. शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

उत्तर देणं कोणाच्याच स्वभावात नव्हतं.

"मी काय?"

चिक्कप्पांनी हार पाठीमागे घेतला. घसा खाकरला.

"सुम्ने आलो, अण्णा," ते म्हणाले.

मामंजी हसायला लागले. आजारपणात पहिल्यांदाच. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता परत हसू. आत्याबाई पाठ चोळायला धावल्या तर त्यांनाही हसू. मग पायऱ्यांवरून, बोळातून, सगळीकडून. न हसणारे दोघेच होते. मी आणि चिक्कप्पा.

"जवळ ये," मामंजींनी भावाला बोलावलं. "बस इथे." त्यांनी चिक्कप्पांच्या ओठावरून बोट फिरवलं. शिंप्याचं बोट. "डावीकडे राहिलीय थोडी. वरखाली झालंय."

मला धडकी भरली. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तेही चूक काढणारं. तेही चारचौघांत. चिक्कप्पा उठून टेम्पोत जाऊन बसतील, असं मला अगदी वाटलं.

चिक्कप्पा खाटेच्या कडेवर बसून राहिले. "मग तूच कर सरळ," ते म्हणाले.

मामंजींनी कात्री मागितली. मी आतून आणून दिली. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून चिक्कप्पांनी खालून त्यांचं मनगट धरलं. मान वर करून, डोळे मिटून बसले. मामंजी एकेक केस शोधून कापत होते. बोळातली माणसं हळूहळू घरी गेली. दुकानदाराने शटर वर केलं. त्या दोघांचं त्या दिवशी यापेक्षा जास्त काही बोलणं झालं नाही. मी दाराआड कान देऊन होते, म्हणून खात्रीने सांगते. अस्तराचा भाव वाढलाय, एवढा एक विषय निघाला.

मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. कराडला माझी सालटी काढली असती आणि जेवणाआधी मिटलं असतं. इथे चिक्कम्मा मला म्हणाल्या, "तू काल कुंकू न घेताच गेलीस," आणि कोयरीतलं बोट माझ्या कपाळावर जरा जास्तच दाबलं.

चिक्कप्पा राहिले. खाटेजवळ एक चटई टाकली त्यांनी. दुकानाचं काम अडलं की जाऊन येत आणि परत चटईवर. पाऊस सरत आला. मामंजी कॉफी अर्धी ठेवू लागले, मग पाव. एकदा चिक्कप्पा गिऱ्हाइकाच्या लग्नाचे कपडे पूर्ण करायला म्हणून गावी गेले होते, आणि पहाटे मामंजी गेले. आत्याबाई जवळ होत्या. नुसता मामंजींचा हात घेऊन बसल्या होत्या, त्यावरून मी ओळखलं.

निरोप द्यायचा होता. या वेळी मी कोणाचं ऐकलं नाही. आडपडदा नको, अर्धवट वाक्य नको. भेट तर हुकली, निदान शेवटचं दर्शन त्यांना मिळायला हवं. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी त्यांच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मामंजी पहाटे गेले. वारले. चिक्कप्पांना लगेच निघायला सांगा." किराणावाल्याकडून शब्दन् शब्द परत म्हणून घेतला.

आम्ही थांबलो. दहा वाजले, अकरा वाजले. कृष्णराजनगरच्या तीन बसेस येऊन गेल्या. भटजी दोनदा बाहेर येऊन उन्हाकडे बघून गेले. "थांबू या," आत्याबाई म्हणाल्या, आणि तेही त्यांनी फक्त मानेने म्हटलं.

दुपार कलायला लागली तेव्हा चिक्कप्पा बोळातून येताना दिसले. चालत, घाई नाही. ओठावर मिशीची नवी खुंटं. काखेत कागदात गुंडाळलेली एक बंडी. अण्णांना रात्री थंडी वाजते म्हणून फ्लॅनेलची शिवली होती. सकाळी निरोप मिळाला तेव्हा तिची काजं, म्हणजे बटणांची घरं, करायची राहिली होती. ती पुरी करून निघाले होते.

अंगणातली माणसं बघून ते फाटकातच थांबले. मग ओसरीत जमिनीवर उतरवलेले अण्णा दिसले.

मी पुढे गेले. "मी सांगितलं होतं की," मी म्हणाले. "स्पष्ट सांगितलं होतं."

"म्हणून तर," ते म्हणाले. बंडीची पुडी त्यांनी छातीशी धरली होती. "मागच्या वेळी तू काहीच बोलली नाहीस, तर तो कॉफी पीत बसला होता. या वेळी सगळं बोललीस. इतकं स्पष्ट सांगतं का कोणी? मला वाटलं, बरा असेल."

बंडी मामंजींना घातली. खांद्यावर अगदी बरोबर बसली. चिक्कप्पांनी बटणं लावली, सगळी, वरपासून खालपर्यंत, आणि मग थोडं मागे सरून शिंपी बघतात तसं बघितलं.

त्यानंतर आमच्या नात्यात कोणी आजारी पडलं, कोणी गेलं, की निरोप न्यायला दुसरं कोणीतरी निघतं. मला दारात उभं करतात. येणाऱ्यांच्या चपलांच्या जोड्या लावायला. ते काम मी फार व्यवस्थित करते, आजवर एकाचीही चप्पल बदललेली नाही. आणि हे काम आता कायमचं माझंच आहे, हे मला कोणी सांगितलेलं नाही. माझं मलाच कळलं.